दात-दाढेच्या ऑपरेशननंतर त्रास उरला? तक्रारीआधी या चुका टाळा

यावल तालुक्यातले एक काका माझ्यासमोर बसले होते. खालची अक्कलदाढ काढून पाच महिने झाले, तरी उजवीकडचा ओठ आणि हनुवटी बधिर. चहा पिताना ओघळ आला तरी त्यांना कळत नाही, काकू रुमालाने पुसतात. "मना ओठ मनाच वाटत नही, भाऊ," ते म्हणाले. मी कागद मागितले. पिशवीतून निघाली गोळ्यांची एक रिकामी पट्टी आणि मेडिकलवाल्याची चिठ्ठी. पैसे रोख दिलेले, पावती नाही. एक्स-रे दवाखान्यातच राहिलेला. त्यातच पुतण्या चार पोरं घेऊन तिथे जाऊन आरडाओरड करून आलेला.

ग्राहक तक्रारींचे अर्ज लिहून देताना हेच चित्र मी वारंवार बघतो. माणसाचा त्रास खरा असतो, पण पहिल्या पंधरा दिवसांत त्याच्या हातून पुरावा निसटलेला असतो.

सगळ्यात आधी तब्येत. दाढ काढल्यावर ताप चढला, सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. तक्रार नंतर करता येते. बधिरपणा आठवड्याभरात कमी होत नसेल, तर तोंड आणि जबड्याच्या सर्जनला दाखवा. नसेला इजा असेल तर लवकर दाखवण्याला फार महत्त्व असतं. शिवाय त्यांनी तपासून लिहिलेला कागद हाच तुमचा पहिला भक्कम पुरावा ठरतो.

आता कागदांविषयी, कारण केस इथेच उभी राहते नाहीतर बसते. केसपेपर, ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे, संमतीपत्राची प्रत आणि बिल हे सगळं लेखी अर्ज देऊन मागा. तोंडी मागितलं तर "उद्या या" ऐकून परत यावं लागतं आणि मागितल्याचा पुरावाही राहत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. पैसे फोनपेवर दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. डॉक्टरांशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं रागाच्या भरात डिलीट करू नका. सुजेचे फोटो रोज एकाच बाजूने काढा. साध्या वहीत तारीख टाकून लिहा: आज काय खाता आलं, कुठे बधिर वाटलं, कोणती गोळी घेतली. शेतातल्या कामाचा किंवा मजुरीचा दिवस बुडाला तर तोही लिहा. नुकसानभरपाई मागताना हाच हिशोब कामाला येतो.

दुसरी मोठी चूक समजुतीची आहे: त्रास झाला म्हणजे डॉक्टर चुकलेच. तसं नसतं. खालच्या अक्कलदाढेची मुळं कधी कधी नसेला अगदी खेटून असतात. काळजीने काढली तरी नस दुखावू शकते. कायदा एवढंच विचारतो की त्या जागी दुसऱ्या सर्वसाधारण कुशल दंतवैद्याने जी काळजी घेतली असती, ती घेतली का? म्हणून प्रश्न नेमके ठेवा. आधी एक्स-रे काढला होता का? ओठ बधिर होऊ शकतो हे सांगितलं होतं का? २००८ च्या समीरा कोहली निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमती खरी ठरायला रुग्णाला उपचार आणि त्यातले धोके पुरेसे समजावलेले हवेत. बधिरपणा सांगितल्यावर डॉक्टरांनी तपासलं का, पुढे पाठवलं का, की "होईल बरं" म्हणून घरी धाडलं? पुष्कळदा खरी हयगय ऑपरेशनच्या नंतर घडते.

जमाव नेऊ नका. हे मी हात जोडून सांगतो. डॉक्टरांवर हल्ला आणि दवाखान्याची तोडफोड यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तक्रार करायला निघालेलं घर मग स्वतःच जामिनासाठी धावत सुटतं.

थेट पोलीस ठाण्यात जाण्याची घाईही अशीच नडते. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार गंभीर दर्जाचा लागतो, आणि डॉक्टरवर कारवाई करण्याआधी पोलिसांनी स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं मत घ्यायचं असतं.

बहुतेकांसाठी सरळ वाट आहे जिल्हा ग्राहक आयोगाची. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे शहाद्याच्या माणसाने सुरतेत इम्प्लांट बसवलं असेल, तरी तो नंदुरबारला तक्रार करू शकतो. उपचाराला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. "पुढच्या महिन्यात बघू भो" करता करता ती निघून जाते. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार होतात अशा सरकारी दवाखान्याविरुद्ध हा मार्ग चालत नाही, तिथे दिवाणी न्यायालय उरतं.

राज्य दंत परिषदेकडे केलेली तक्रार वेगळी. परिषद डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढू शकते, पण तुम्हाला पैसे मिळवून देत नाही. दोन्हीकडे तक्रार करायला हरकत नाही. ज्याने दात काढला त्याची नोंदणीच नसेल, तर परिषदेला आणि पोलिसांना दोघांनाही कळवा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन १५१००. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आणि पैसे परत देतो म्हणून कोणी स्टॅम्प पेपर पुढे केला, तर "यापुढे काही तक्रार नाही" ही ओळ आहे का ते वाचा. पुढच्या उपचाराचा खर्च कळल्याशिवाय सही करू नका.

काकांचा रेकॉर्डसाठीचा अर्ज आम्ही त्याच दुपारी लिहिला. ऑपरेशनची तारीख त्यांना आठवेना. काकूंना आठवली, कारण त्या दिवशी बागेतली केळीची गाडी भरली होती. गाडीच्या वजनाच्या पावतीवर तारीख होती.