कथेचं अभिवाचन यूट्यूबवर टाकताय? आधी या चुका टाळा

आवाज बरा आहे, माइक घेतलाय, पुस्तक घरच्या कपाटातलंच आहे. कथा वाचून चॅनलवर टाकली आणि डिस्क्रिप्शनमध्ये एक ओळ लिहिली: ‘सर्व हक्क मूळ लेखकाचे, हेतू केवळ रसिकांच्या आनंदाचा.’ ही ओळ लिहिली की आपण सुटलो, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. प्रत्यक्षात, हक्क दुसऱ्याचे आहेत हे आपल्याला ठाऊक होतं, याची ती लेखी कबुली ठरते.

नाव देणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा छापणं, ध्वनिमुद्रित करणं, लोकांपर्यंत पोचवणं, भाषांतर करणं, तिच्यावरून नाटक बेतणं हे सगळे हक्क तिच्या मालकाचे. नाव लागण्याचा हक्क कलम ५७ मध्ये स्वतंत्र दिलेला आहे, आणि बाकीचे हक्क विकून टाकले तरी तो लेखकाकडेच राहतो. त्यामुळे परवानगी मिळाली म्हणून नाव गाळता येत नाही, आणि नाव दिलं म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही.

दुसरा गैरसमज आकड्यांचा. तीस सेकंद चालतात, दहा टक्के चालतं, जाहिराती लावल्या नाहीत तर चालतं. यातलं एकही आपल्या कायद्यात लिहिलेलं नाही. ‘फेअर यूज’ हा शब्द अमेरिकेच्या कायद्यातला. तिथे वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला, या चार गोष्टी न्यायालय तोलून पाहतं. भारतात आहे ते ‘फेअर डीलिंग’, आणि कलम ५२ त्यासाठी हेतूच सांगून ठेवतं: खासगी वापर किंवा संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. प्रकाशित साहित्यातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचण्याचीही सवलत त्याच कलमात आहे. पण उतारा म्हणजे उतारा. कवितेच्या चार ओळी वाचून त्यांच्याबद्दल दहा मिनिटं बोललात, तर ती समीक्षा. अख्खी कविता तानपुऱ्यावर वाचून शेवटी ‘कशी वाटली, कमेंटमध्ये सांगा’ म्हटलंत, तर समीक्षा झाली नाही. फुकट वाचलंत म्हणून त्यात फरक पडत नाही.

‘पुस्तक जुनं आहे, बाजारात मिळतही नाही.’ छपाई थांबली म्हणून हक्क संपत नाहीत. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि ही वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, त्यांचं असं लेखन १ जानेवारी २०११ ला मोकळं झालं. कुसुमाग्रज मार्च १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत थांबा. लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. १९४१ मध्ये निधन झालेल्या रवींद्रनाथांचं साहित्य मोकळं व्हायची वेळ आली, तेव्हा १९९२ मध्ये ती दहा वर्षांनी वाढवली गेली.

तुकारामांचा अभंग अर्थातच सगळ्यांचा. पण त्याला अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची, आणि ध्वनिमुद्रण कंपनीचं. कथेमागे सुरुवातीला हळूच लावलेला असा अभंगच बऱ्याचदा क्लेम, म्हणजे हक्कदाराचा दावा, आणतो.

परवानगी मागायची कुणाकडे? इथे लोक सरळ प्रकाशकाला फोन लावतात. त्याआधी पुस्तकाचं मुद्रक-मुखपृष्ठाच्या तपशिलाचं पान उघडा. हक्क पत्नीच्या, मुलीच्या नावावर असल्याचं तिथे अनेकदा छापलेलं असतं. प्रकाशकाकडे कदाचित फक्त छपाईचे हक्क असतील. हौशी नाट्यमंडळींना ही शिस्त जुनी आहे: प्रयोगाआधी लेखकाचं पत्र आणि ठरलेलं मानधन. अभिवाचन करणाऱ्यांनी ती का उचलू नये, मला कळत नाही.

पत्रात कथेचं नाव, ऑडिओ की व्हिडिओ, कोणत्या माध्यमावर, जाहिराती असतील की नाही, मानधन किती, हे सगळं लिहा. फोनवरच्या ‘हो हो, करा’वर थांबू नका, कारण परवाना लेखी हवा असं कायदाच म्हणतो. आणि मुदत लिहायला विसरू नका. ती लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरली जाते.

एवढं करून, किंवा न करता, नोटीस आलीच तर ती नीट वाचा. कंटेंट आयडी (जुळणारा मजकूर आपोआप शोधणारी यूट्यूबची यंत्रणा) क्लेम म्हणजे स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाच्या तक्रारीवरून चॅनलला मिळणारी ताकीद, नव्हे. क्लेममध्ये व्हिडिओ बहुधा राहतो, जाहिरातीचे पैसे मात्र हक्कदाराकडे जाऊ शकतात. संगीताचा क्लेम असेल तर तेवढा तुकडा बदलता येतो. स्ट्राइकमध्ये व्हिडिओ उतरवला जातो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनलच बंद होऊ शकतं. रागाच्या भरात प्रतिनोटीस, म्हणजे ‘तक्रार चुकीची आहे’ असं उत्तर, पाठवू नका. ते कायदेशीर निवेदन असतं, आणि तुमचं नाव-पत्ता तक्रारदारापर्यंत जातो. परवानगीपत्र हातात असेल तर जरूर पाठवा. नसेल तर तक्रारदाराला सभ्य ईमेल लिहून तक्रार मागे घेण्याची विनंती करा. घाबरून व्हिडिओ डिलीट करण्यात अर्थ नाही, त्याने स्ट्राइक जात नाही.