लांब पल्ल्याच्या ट्रकची पार्ट-पान्यांची पेटी भरताना या चुका टाळा

नागपुरातून ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने खाली हैदराबादकडे जा, वर जबलपूरकडे जा किंवा ५३ने रायपूर गाठा. गाडी वाटेत अडकते ती पार्ट नव्हता म्हणून क्वचितच. पार्ट असतो, पण मापाचा नसतो. मापाचा असला तर बसवायला पाना नसतो. पाना असला तर दहा रुपयांचं वायसर नसतं. म्हणून पेटी भरताना पार्टची यादी करू नका, बिघाडांची करा. एका बिघाडाला जे जे लागेल ते एका पिशवीत, आणि पिशवीवर मार्करने नाव.

समृद्धी महामार्गावर हे जास्तच लागू आहे. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून मुंबईकडे ७०१ किलोमीटर, आणि कडेला मिस्त्रीची टपरी नाही. बाहेर पडायचं तर पुढचा इंटरचेंज.

डिझेलची पिशवी अर्धवट भरणे

फिल्टर सगळे घेतात, पण एकच. वाटेत पाणी मिसळलेलं किंवा घाण डिझेल भरलं गेलं, तर पहिला बदललेला फिल्टर दोनशे किलोमीटरमध्येही तुंबू शकतो. प्रायमरीचे (टाकीकडून पहिला) दोन आणि सेकंडरीचा (त्यानंतरचा) एक घ्या. सोबत त्यांचे रबर रिंग, फिल्टर खोलायचा पट्टा किंवा चेन पाना, पाणी काढायला छोटं भांडं, आणि बँजो बोल्टची (डिझेल आतून जातं तो पोकळ बोल्ट) तांब्याची वायसरं प्रत्येक मापाची चार-सहा. एका बँजोला दोन वायसरं लागतात, दोन्ही बाजूंना एकेक. जुनं वायसर दाबून कडक झालेलं असतं, ते परत लावलं की हवा ओढतं.

इथेच बरेच जण फसतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतलं डिझेल ओढणारा पंप) पाइपात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे तिथे सैल जोड असला तरी डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते. गाडी सुरू होते, मिनिटभर चालते, बंद पडते, आणि बाहेर सगळं कोरडं! मिस्त्री नोझलवर संशय घेतो, पंप खोलायला काढतो. त्याआधी फीड पंपाच्या अलीकडे तात्पुरता पारदर्शक डिझेल पाइप जोडून पाहा. बुडबुडे दिसले की दोष टाकीच्या बाजूला. लाइनच्या मापाचा असा एक मीटर पाइप आणि चार क्लिप पिशवीत हव्यातच.

हवा काढताना जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनात फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू सैल करा, हातपंप मारा, बुडबुड्यांशिवाय धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल मिळतं ते) मात्र हाय प्रेशर पाइपाच्या नटला हात लावायचा नाही. तिथे दाब हजार बारच्या वर जातो, आणि ती धार कातडी फोडून आत शिरते. फक्त हातपंप मारा, तो कडक लागेपर्यंत. मग सेल्फ दहा-पंधरा सेकंद, मध्ये मिनिटभर थांबून. सेकंडरी फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून लावू नका. ते डिझेल न गाळताच थेट पंपात आणि नोझलमध्ये जातं. डिझेलच्या जोडावर टेफ्लॉन टेपही नको, तिचे तुकडे आत जातात.

मोठे पार्ट उचलून नेणे

जास्तीचा इंजेक्टर, टर्बो, सेल्फ यांनी पेटी भरते आणि विश्वास वाढतो. पण बीएस-६ गाडीच्या बहुतेक इंजेक्टरचा कोड ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो, म्हणजे लॅपटॉपवाला लागणारच. असे पार्ट घरच्या तळावर, म्हणजे नागपूरच्या वाडीला, कापसीला राहू द्या. ती जागा बेल्ट, होस आणि पाण्याला द्या.

बेल्ट दुकानदाराने “हाच बसतो” म्हणून दिला, एवढ्यावर भागवू नका. जुन्यावरचा नंबर वाचा: ८पीके म्हणजे आठ धारांचा, पुढचा आकडा मिलिमीटरमधली लांबी. नवा घरीच चढवून पाहा. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर मागे ओढायला कोणता सॉकेट लागतो, फॅनचं कव्हर काढावं लागतं का, हे तेव्हाच कळतं. चालू बेल्ट काढून स्पेअर करा आणि नवा गाडीवर ठेवा, हे आणखी बरं. बऱ्याच इंजिनांत एकाच बेल्टवर अल्टरनेटर आणि वॉटर पंप असतो. चार्जिंगचा दिवा आणि तापमान दोन्ही एकदम वर आलं तर आधी बेल्टच बघा. नुसतं तापमान चढलं तर पाणी, होस, थर्मोस्टॅट. वरचा-खालचा होस एकेक, क्लिपा सहा, कूलंट पाच लिटर, साधं पाणी वीस लिटर. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा गरम रेडिएटरचं झाकण उघडायची घाई करू नका.

ब्रेकच्या हवेची पिशवी विसरणे

पेटीत सगळ्यात कमी दिसते ती हीच. नायलॉन पाइप फुटला की हवा उतरते, स्प्रिंग ब्रेक लागतात आणि भरलेली गाडी आहे तिथे उभी. ६, ८ आणि १२ मिलिमीटरचा पाइप अर्धा-अर्धा मीटर, प्रत्येक मापाचे दोन जॉइनर, धारदार ब्लेड. पाइप पकडीने तोडू नका, टोक चेपतं आणि जोड गळतो. ब्लेडने सरळ काप घ्या, बसवल्यावर साबणाचं पाणी लावा.

पाइप जुळत नसेल तर स्प्रिंग ब्रेक चेंबरमागचा बोल्ट फिरवून ब्रेक हाताने सोडवता येतो. त्या बोल्टचा पाना पेटीत आहे का, आणि बोल्ट गंजून अडकला आहे का, हे निघण्याआधी पाहा. आधी चाकांखाली लाकडी ठोकळे, मग बोल्ट. त्या चाकाला आता पार्किंग ब्रेक नाही हे लक्षात ठेवून गाडी फक्त कडेला घ्या. चेंबर मात्र रस्त्यावर खोलायचाच नाही. आतली स्प्रिंग जीव घेते.

स्टेपनी आहे म्हणून निर्धास्त राहणे

स्टेपनी खाली येते का? कॅरिअरचा स्क्रू गंजलेला असेल तर चांगला टायर चासीखाली लटकलेलाच राहतो. जॅक २० टनी घ्या, आणि टायर बसलेला असतानाही तो अॅक्सलखाली शिरतो का ते मोजा. उन्हात डांबर मऊ होतं. खाली जाड फळी नसेल तर जॅकच रुततो. चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरवर नट पुन्हा आवळा.

विजेचं थोडक्यात: बल्ब आणि रिले २४ व्होल्टचेच, कारण १२चा बल्ब क्षणात उडतो. फ्यूज ५पासून ३० अँपिअरपर्यंत, प्रत्येकी तीन-चार. फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्याला गाडीपासून लांब ठेवा. मल्टिमीटर घ्याच: इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर ठीक.

बहुतेक पेट्यांत १३, १७, १९चे पाने तीन-तीन असतात आणि २४, २७चा एकही नाही. बँजोसाठी एकाच वेळी दोन पाने लागतात, हेही धरा.

डीईएफचा कॅन केबिनमध्ये तापवणे

डीईएफ म्हणजे बीएस-६ गाडीचा धूर साफ करायला लागणारं ३२.५ टक्के युरियाचं पाणी. ३० अंशांत ते वर्षभर टिकतं, ३५ अंशांत जवळपास निम्मा काळ. बंद केबिनमध्ये त्याहून कमी. सीलबंद छोटा कॅन सावलीत ठेवा, नरसाळं त्याचंच वेगळं. कूलंटच्या जुन्या डब्यात ओतून ठेवू नका. आणि अंधारात चुकून ते डिझेलच्या टाकीत गेलंच, तर चावी फिरवू नका. कित्येक गाड्यांत चावी ‘ऑन’ होताच फीड पंप ते आत ओढू लागतो. बॅटरीचा कटऑफ बंद करा, गाडी ओढून न्या आणि टाकी पूर्ण रिकामी करून धुऊन घ्या.