अभ्यासक्रम विकसन: अनुक्रमणिकेपासून सुरुवात करू नका

शाळेत ‘या वर्षी आपला स्वतःचा अभ्यासक्रम बनवू’ असं ठरलं की पहिल्या बैठकीत काय होणार, हे मी आता चहा यायच्या आत सांगू शकतो. कुणीतरी पाठ्यपुस्तक उघडतं आणि अनुक्रमणिकेवर पेन्सिलीच्या खुणा सुरू होतात. हे पाठ जुलैत, ते गणपतीआधी, उरलेले दिवाळीनंतर. दोन तासांत तक्ता तयार, मुख्याध्यापकांची सही, फाईल कपाटात. हे झालं वार्षिक नियोजन. अभ्यासक्रम विकसन अजून सुरूच झालेलं नसतं. त्यात आपण नेहमी करतो त्या चुका एकेक करून सांगतो.

तीन शब्द एकच समजणं

मुलाला शाळेतून काय यावं, त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, कोणत्या क्रमाने द्यायचे आणि ते त्याच्यापर्यंत पोचले की नाही हे कसं पाहायचं, हा सगळा आराखडा म्हणजे अभ्यासक्रम. त्यातली एका इयत्तेची, एका विषयाची घटकांची यादी म्हणजे पाठ्यक्रम. पाठ्यपुस्तक हे तो शिकवायचं एक साधन, बस. बालभारतीचं पूर्ण नाव पाहा: महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ. पुस्तक काढणं आणि अभ्यासक्रमावर संशोधन करणं ही कामं वेगळी आहेत, हे त्या पाटीवरच लिहिलंय.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ साली अभ्यासक्रम बनवताना विचारायचे चार प्रश्न मांडले: उद्दिष्टं कोणती, अनुभव कोणते, त्यांची रचना कशी, आणि उद्दिष्टं साधली की नाही हे कसं ठरवायचं. त्याच क्षेत्रातल्या हिल्डा टाबा यांनी १९६२ मध्ये सात पायऱ्या सांगितल्या आणि सगळ्यात आधी ठेवलं गरजांचं निदान. बी.एड.च्या पेपरात या पायऱ्या आपण सगळ्यांनी घडाघडा लिहिल्या आहेत. बैठकीत मात्र पहिली पायरी गाळून थेट आशयावर उडी मारतो.

मूल कोण आहे, हे न पाहणं

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला काम करत होत्या तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं गुरं राखायला जात. ती शाळेत येईनात, म्हणून शाळाच गुरांमागे कुरणात गेली. कुरणशाळा. गरजांचं निदान या जड शब्दाचा याहून सोपा अर्थ मला अजून सापडलेला नाही.

आता आपल्याकडे या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्याकडे निघतात. अशा गावातल्या शाळेने अपूर्णांक दिवाळीनंतर ठेवले, तर ते नेमके कुणाला शिकवणार? क्रम पुस्तकाने ठरवला, पट मात्र ऊसतोडीने. शिक्षकांना हे ठाऊक असतं, पण ते तक्त्यात उतरत नाही. बैठकीआधी आठवडाभर साधी चौकशी करा: घरात बोली कोणती, पालकांचं काम काय, कोणती मुलं कोणत्या महिन्यात नसतात, मागच्या इयत्तेतलं काय कच्चं आहे. चार पानं भरतील. त्या चार पानांशिवाय पुढे जाऊ नका.

‘संकल्पना समजेल’ असं उद्दिष्ट लिहिणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

चौथीच्या मापन घटकासाठी आम्ही एकदा लिहिलं होतं: ‘विद्यार्थ्याला लांबी मापनाची संकल्पना समजेल.’ वाक्य देखणं. परीक्षेत विचारलं, १ मीटर म्हणजे किती सेंटिमीटर? जवळजवळ सगळ्यांनी १०० लिहिलं. आम्ही खूश. मग एका बाईंनी टोक तुटलेली पट्टी आणली आणि तिच्यावर पेन्सिल अशी ठेवली, की एक टोक ३ वर आणि दुसरं ११ वर. लांबी किती? निम्म्याहून अधिक मुलं म्हणाली, अकरा. काहींनी ३ पासून ११ पर्यंतच्या रेघा बोटाने मोजल्या आणि सांगितलं, नऊ. आठ म्हणणारी मोजकीच.

रेघा मोजणाऱ्याला लांबी म्हणजे दोन रेघांमधली जागा हे कळलेलं नव्हतं, आणि अकरा म्हणणाऱ्याला पट्टीवरचा शेवटचा आकडा हेच उत्तर वाटत होतं. हा वेगवेगळा आजार आहे, औषधही वेगळं. शंभरच्या प्रश्नाने यातलं काहीच दाखवलं नसतं.

नंतर उद्दिष्ट बदललं: ‘बाकाची लांबी आधी अंदाजाने सांगतो, मग पट्टीने मोजतो, मोजणी शून्यापासून सुरू नसली तरी बरोबर लांबी काढतो.’ आता शिक्षकाला काय करून घ्यायचं हे कळतं, आणि मूल्यमापनाचा प्रश्न आपोआप हाती येतो. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय करता यावं ते, लिहिताना स्वतःला एकच विचारा: हे झालंय, हे मला डोळ्यांनी दिसेल का? ‘समजेल’, ‘जाण येईल’, ‘आवड निर्माण होईल’ ही क्रियापदं दिसली की त्यांच्याखाली लाल रेघ मारा. आवड नको असं नाही; तिचा पुरावा काय, तेवढं लिहा.

आणि आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे शिकवता शिकवता मूल कुठवर आलं ते पाहण्याची, साधनं घटकासोबतच ठरवा. सत्र संपताना ‘नोंदी पूर्ण करा’ असा निरोप आला की मग मागच्या तारखा टाकून काय लिहिलं जातं, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

कागदावरचे तास खरे मानणं

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास दिले आहेत. त्याच्यावर घटक बसवले की तक्ता बरोबर बसतो, वर्ष बसत नाही. स्नेहसंमेलनाची तालीम, क्रीडास्पर्धा, निवडणुकीचं काम, सर्वेक्षण. गेल्या दोन वर्षांच्या हजेरीपटावरून प्रत्यक्ष किती तासिका मिळाल्या ते मोजा आणि त्यातल्याही थोड्या उजळणीसाठी मोकळ्या सोडा. आशय कापायला जीव होत नाही, हे मान्य. पण आपण कापला नाही तर मार्च कापतो.

बदल घरापर्यंत न पोचवणं

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली आणि राज्यभर गदारोळ झाला; विषय थेट विधानसभेत गेला. मला तो बदल तर्काला धरून वाटतो. ‘त्रेसष्ट’ ऐकलं की कानावर आधी तीन पडतात, लिहायचे मात्र आधी सहा. मुलं ३६ लिहितात. ‘एकोणसत्तर’मध्ये तर सत्तर ऐकू येतं आणि सात कुठेच लिहायचा नसतो. कानडीत २१ म्हणजे इप्पत्तोंदु, आधी वीस मग एक. मंगला नारळीकर त्या वेळी गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांनी या रीतीची बाजू जाहीरपणे मांडली. पण तोवर मोबाईलवर विनोद फिरत होते, आणि मुलाचा अभ्यास घेणाऱ्या आईला बदल कळला तो त्या विनोदांतून.

तुमच्या शाळेतला बदल एवढा मोठा नसेल. तरी जूनच्या पालकसभेत एक पान वाटा: काय बदललं, का बदललं, घरी अभ्यास घेताना काय म्हणायचं. आधी सहकारी शिक्षकांना द्या. जो बाजूच्या तुकडीच्या सरांनाच पटलेला नाही, तो बदल पालकांना पटवता येत नाही.

एकाच वर्गात करून पाहून थांबणं

प्रायोगिक तत्त्वावर नवा घटक वापरायचा म्हटलं की तो सगळ्यात उत्साही शिक्षकाच्या वर्गात जातो. तिथे काहीही चालतं. तो द्विशिक्षकी शाळेत द्या, जिथे एकाच खोलीत पहिली आणि दुसरी फळ्याकडे तोंड करून, तिसरी-चौथी पाठ करून बसलेली असते. आमच्या मापन घटकात ‘गटाने व्हरांडा मोजा’ असा उपक्रम होता. तिथल्या सरांनी समासात लिहून पाठवलं: ‘व्हरांड्यात पोषण आहाराची पोती आहेत. मुलांनी पोती मोजली. एक पोतं साडेतीन वीत.’

पुढच्या मसुद्यात व्हरांडा काढून पोती घातली.