जुन्या डायल-अप सेवांची तुलना करताय? या चुका टाळा

जुन्या संगणक मासिकांतल्या जाहिराती चाळून कॉम्प्युसर्व्ह महाग, प्रॉडिजी स्वस्त आणि एओएल सगळ्यांत सोपं, असा निकाल पटकन दिला जातो. फोनलाइनवरून संगणक जोडून वापरायच्या अमेरिकेतल्या या सेवांचा खरा खर्च जाहिरातीतल्या ठळक आकड्यावरून कळत नाही.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे मोडेमचा (संगणक फोनलाइनला जोडणाऱ्या यंत्राचा) वेग न बघता ताशी दर मांडणं. १९८०च्या दशकाच्या मध्यावर कॉम्प्युसर्व्हचा संध्याकाळचा दर ३०० बॉडला (बॉड हे मोडेमच्या वेगाचं माप) ताशी ६ डॉलर, तर १२०० बॉडला साडेबारा डॉलर होता. मग १२०० बॉड खरंच महाग पडे का? ३०० बॉडला सेकंदाला साधारण ३० अक्षरं येतात, १२००ला १२०. बारा हजार अक्षरांचा मजकूर उतरवायला (डाउनलोड करायला) पहिल्या मोडेमला ४०० सेकंद, म्हणजे ६७ सेंट लागतात. दुसऱ्याला १०० सेकंद, ३५ सेंट. मात्र लाइन जोडलेली ठेवून दहा मिनिटं उत्तर टाइप करत बसलात, तर हिशेब उलटतो: १ डॉलरच्या जागी २ डॉलरच्या वर. म्हणून जाणकार मंडळी पत्रं (ई-मेल) उतरवून घेत, लाइन तोडत, निवांत वाचून उत्तरं लिहीत आणि मग पुन्हा जोडत. टॅपसिससारखे प्रोग्रॅम हेच काम आपोआप करायचे. सोपेपणा मोजताना हे विसरू नका. चुकीच्या मेनूत शिरलं तरी मीटर पळतच असे.

दुसरी चूक, दिवस-रात्रीच्या दरांची सरासरी काढणं. जनरल इलेक्ट्रिकने १९८५ साली सुरू केलेल्या जिनी या सेवेचा दर संध्याकाळी ताशी ५ डॉलर होता, कामाच्या दिवशी दिवसा मात्र ३५. दिवसा या सेवेची यंत्रं कंपनीच्या व्यावसायिक ग्राहकांसाठी राबत, रात्री रिकामी असत. घरच्या वापराचा हिशेब संध्याकाळच्या दरानेच करा.

‘महिन्याला ठरावीक’ हे शब्द दिसले की बारीक अक्षरं वाचाच. आयबीएम आणि सिअर्सच्या प्रॉडिजीने पुढे महिन्याला ३० पत्रांची मर्यादा घातली, वरच्या प्रत्येक पत्राला २५ सेंट. रोज चार पत्रं लिहिणाऱ्याला साडेबावीस डॉलर जादा! एओएलचं जुनं गणित ५ तासांना ९.९५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येक तासाला २.९५ असं होतं. डिसेंबर १९९६मध्ये १९.९५ डॉलरमध्ये अमर्याद वापर आला. तो महिन्याला नऊ तास बसणाऱ्यालाच परवडतो, आठ तासवाल्याला नाही. शिवाय तेव्हा इतकी गर्दी उसळली की नंबर सतत एंगेज लागायचा.

फोनचं बिलही जोडा. अमेरिकेत अनेक ठिकाणी स्थानिक कॉलला मिनिटाचा हिशेब नव्हता. पण गावात सेवेचा नंबर नसला की एसटीडीसारखा दर पडे. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सुरू केलं. २५० तासांचं नुसत्या अक्षरांचं शेल खातं व्यक्तीला ५,००० रुपयांना, म्हणजे ताशी २० रुपये. चित्रं दाखवणारं टीसीपी-आयपी खातं १५,०००ला, म्हणजे ताशी ६०. फोनचा मीटर वेगळा. त्यामुळे अमेरिकी दरांचे नुसते रुपये करून तुलना होत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा राहून जाते: लाइन तुटणं. कॉल वेटिंगचा एक ‘बीप’ किंवा घरात कुणी दुसरा फोन उचलला, की उतरणारी फाइल अर्धवट. एक्समोडेम या फाइल उतरवण्याच्या पद्धतीने ती पहिल्यापासून घ्यावी लागे. झेडमोडेम ही पद्धत ती तुटल्या जागेपासून पुढे नेई. म्हणून तुमच्या तक्त्यात फाइल उतरवण्याच्या पद्धतीचाही एक रकाना ठेवा.