डाळिंबाच्या खड्ड्यात डीएपी घालू नका

मृग तोंडावर आला आहे. वळवाचे दोन सडाके पडले की सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरच्या पट्ट्यात खड्डे भरायची एकच घाई उडते आणि तिथेच घात होतो. रोप लवकर उठावं म्हणून तळाशी ओंजळभर डीएपी, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असलेलं खत पडतं. रोप उठतं, नाही असं नाही. दोन-तीन महिने बघत राहावं असं हिरवं दिसतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पानं बारीक होतात, शिरांमधला भाग पिवळा पडतो, आणि मालक झिंकची बाटली आणायला त्याच दुकानात जातो. असे प्लॉट मी इतके पाहिलेत की आता खड्डा भरताना कुणी दिसला तर गाडी थांबवतो.

कारण मातीत आहे. स्फुरद पाण्याबरोबर वाहत नाही, जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल. मूळ स्वतःभोवतीच्या मिलीमीटर-दोन मिलीमीटरमधला स्फुरद ओढून घेतं आणि मग त्याच्याभोवती रिकामी जागा उरते. मुळात शिरून राहणारी मायकोरायझा बुरशी तिथून पुढे जाते. तिचे तंतू केसमुळांपेक्षाही बारीक. मूळ शिरत नाही अशा फटींतून काही सेंटीमीटर लांबचा स्फुरद आणि जस्त (झिंक) ती आणून देते, बदल्यात झाड तिला साखर देतं. पायाशीच स्फुरदाचा ढीग असला तर झाड या गड्याची मजुरी बंद करतं. बुरशी वाढत नाही. वर आपली चुनखडीची, ८ च्या पुढं सामू (पीएच) असलेली जमीन. डीएपीतला बराच स्फुरद चुन्याला बांधला जातो. म्हणजे पैसे देऊन आणलेला स्फुरद अडकला आणि तो शोधून आणणारीही गेली.

सध्या पुडीवर चीड-देवदाराच्या जंगलाचं चित्र छापून 'जंगलातली बुरशी' विकतात. जंगलात कुणी खत टाकत नाही हे खरंच. १८८५ मध्ये फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने या जोडीला मायकोरायझा हे नाव दिलं, तेही जंगलातल्या झाडांची मुळं पाहूनच. पण चीड, ओक, साल यांच्या मुळांवर बाहेरून मोज्यासारखं आवरण घालणारी बुरशी वेगळी. ती आम्ल सोडून दगडातलं खनिज सुटं करते, कुजणाऱ्या पाल्यातला नत्रही काढते. डाळिंब, ज्वारी, तूर, कडुनिंब यांच्यात मुळाच्या पेशीत शिरणारी दुसरी जात असते. चिडाची बुरशी डाळिंबाला बसत नाही. पुडी घेताना चित्र नको, आत कोणती जात आहे ते वाचा. मुदतही पाहा. ही बुरशी जिवंत मुळांवरच वाढते, त्यामुळे चांगला माल करायला वेळ लागतो. आणि शेणखतात दिसणारी पांढरी जाळी म्हणजे मायकोरायझा नव्हे. डाळिंबाची मायकोरायझा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

मग ही बुरशी विकत घ्यायची कधी? नवीन लागवडीत. महिनाभर उन्हात तापवलेला खड्डा रोगापासून बराचसा मोकळा होतो, तसा तिच्यापासूनही. रोपाला १० ते १५ ग्रॅम पुरे, पण ती गड्डीच्या मुळांना टेकली पाहिजे. वर भुरभुरवून पाणी सोडलं तर पैसे पाण्यात. जुन्या बागेत ठिबकमधून सोडायच्या महागड्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. तिथं मुळांत ती आधीच असते, तिला मारू नका म्हणजे झालं.

माझा एक आडाखा सांगतो, शिफारस नाही. बांधावरच्या जुन्या बोरीखालची, गवताच्या मुळांसकट ओंजळभर माती मी खड्ड्यात टाकतो. दोन ठिकाणी रोपं बरी उठली. जुन्या डाळिंबाखालची माती मात्र चुकूनही नको. मर रोग आणि मुळं पोखरणारे सूत्रकृमी दोन्ही घरी आणाल.

बाकी कामं:
- अंतर ४.५ × ३ मीटर, खड्डा ६० सेंमी लांब-रुंद-खोल
- शेणखत १० किलो, चांगलं कुजलेलं
- गांडूळखत १ किलो
- निंबोळी पेंड अर्धा किलो
- ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) २५ ग्रॅम, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) २५ ग्रॅम, शेणखतात मिसळून
- माती परीक्षण खड्डे भरण्याआधी
- पिशवी पूर्ण काढून लागवड, काठीचा आधार

स्फुरद अजिबात नको असं मी म्हणत नाही. रोप लागल्यावर, माती परीक्षणाचा कागद हातात घेऊन, थोडा थोडा द्या.

लागवडीच्याच आठवड्यात 'खबरदारी म्हणून' कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग करू नका, म्हणजे ते मुळाशी ओतू नका. या गटातलं औषध मायकोरायझालाही मारतं. झाड खरंच मरायला लागलं तर गोष्ट वेगळी, तिथं बुरशी वाचवत बसू नका. सोलापूरजवळच्या केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राच्या सल्ल्याने औषध द्या, मेलेलं झाड मुळासकट काढून जाळा.

ज्यांनी खड्ड्यात डीएपी टाकूनही झालं असेल त्यांनी रोप लावायच्या आत वरची माती बाजूला करून ते काढून घ्या. पाऊस पडून विरघळलं की हाती लागणार नाही. आभाळ भरून आलंय, उद्यावर ढकलू नका.