जुना एसी दुरुस्त करायचा की बदलायचा? ठरवताना या चुका टाळा

नाशिकमध्ये एसीचा हंगाम होळीनंतर सुरू होतो आणि पावसाला तोंड लागलं की ओसरतो. गंगापूर रोड असो की सिडको, बहुतेक घरांत एसी वर्षातले अडीच-तीन महिने, तोही रात्रीचे सहा-सात तास चालतो. "जुना एसी वीज खातो, नवा घ्या, बिलातच पैसे वसूल होतील" हा सल्ला मुंबईत जवळपास बारा महिने एसी लावणाऱ्याला ठीक असेल. आपल्याकडे तो जसाच्या तसा मानणं ही सगळ्यात महागडी चूक. म्हणून आधी हिशोब करू.

स्टार लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात. ती 1600 तासांचा वापर धरून काढलेली असतात. सात-आठ वर्षांपूर्वीच्या दीड टनी थ्री स्टार एसीवर हा आकडा अकराशेच्या आसपास सापडतो, आजच्या फाइव्ह स्टार इन्व्हर्टर एसीवर (गरजेनुसार कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या) साडेसातशेच्या आसपास. फरक साडेतीनशे युनिटांचा. पण तुमचा वापर 80 दिवस, रोज सात तास धरला तर होतो 560 तास, म्हणजे लेबलवरच्या तासांचा जेमतेम तिसरा हिस्सा. बचतही तेवढीच, सव्वाशे युनिटांच्या आत-बाहेर. महावितरणचा दर सगळे आकार धरून युनिटला पंधरा रुपये मानला, तरी वर्षाला वाचतात अठराशे-एकोणीसशे. चाळीस हजारांचं मशीन या हिशोबाने वसूल व्हायला वीस वर्षं लागतील, आणि तोवर तेही भंगारात गेलेलं असेल. घरी दिवसभर अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल किंवा घरूनच ऑफिस चालत असेल, तर तास तिप्पट होतात आणि उत्तर बदलतं. स्वतःचे तास न मोजता शोरूममध्ये जाऊ नका, एवढंच.

धुण्याआधीच निदान करून घेणं

"थंड करत नाही" ही तक्रार घेऊन मेकॅनिकला बोलावलं की तो दाबाचा गेज लावतो आणि गॅस कमी आहे यावर येतो. त्याआधी फिल्टर धुवा आणि आउटडोअर, म्हणजे बाहेर बसवलेला डबा, पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन घ्या. सिंहस्थाच्या कामांची धूळ सध्या शहरात कमी नाही. आउटडोअरच्या मागच्या जाळीवर धुळीची गोधडी चढली की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर तापतो आणि ट्रिप होतो. डक्टमध्ये कोंबलेल्या किंवा शोभेच्या जाळीमागे लपवलेल्या आउटडोअरचं तर दुपारी हमखास असं होतं. तो बिघाड नव्हे. इनडोअरमधून पाणी गळणं हेही बहुधा ड्रेन पाइप तुंबल्याचं लक्षण असतं.

धुतल्यावर साधा थर्मामीटर घ्या. इनडोअरच्या वर जिथून हवा आत जाते तिथलं तापमान आणि खाली झोतातलं तापमान पाहा. पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर दोन्हींत दहा अंशांच्या आसपास फरक असेल, तर मशीन आपलं काम करतंय. खोली तरीही थंड होत नसेल, तर छताच्या स्लॅबकडे, पश्चिमेच्या भिंतीकडे आणि दाराच्या फटींकडे बघा. वरच्या मजल्यावर नवा एसी लावूनही हीच रड राहते.

दर उन्हाळ्यात गॅस भरून वेळ मारून नेणं

या चुकीत लोक वर्षानुवर्षं पैसे घालतात. एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळीत तोच तो फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळाला. गळती न शोधता भरलेले अडीच-तीन हजार पुढच्या मार्चपर्यंत हवेत गेलेले असतात.

गळती शोधायची रीत ठरलेली आहे. नळीत दाबाने नायट्रोजन भरायचा, सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा आणि बघत बसायचं. बारीक गळती असेल तर पितळी नटाच्या कडेला एकच बुडबुडा हळूहळू फुगतो, फुटतो, पुन्हा फुगायला लागतो. घाईतल्या माणसाला तो दिसत नाही. काहीच दिसलं नाही, तर दाब तसाच ठेवून गेजचा काटा उतरतो का ते पाहायचं. नायट्रोजनचा सिलिंडर न आणणारा मेकॅनिक गळती शोधायला आलेलाच नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

गळती नटात किंवा सांध्यात असेल, तर वय काहीही असो, दुरुस्त करा. तांब्याच्या कॉइलला एखादं छिद्र असेल तर तेही डाग देऊन बुजतं. अॅल्युमिनियमच्या कॉइलवर असा डाग टिकवणं अवघड, तिथे कॉइलच बदलावी लागते. नासर्डी नदीच्या काठाला किंवा उघड्या नाल्याला लागून घर असेल तर कॉइल नीट तपासून घ्या. सांडपाण्याच्या वायूने तांबं काळं पडतं आणि एक छिद्र बुजवलं की दुसरं उघडतं. अशा जुन्या मशीनवर पैसे घालू नका.

आउटडोअरच्या पाटीवर गॅसचं नावही वाचा. आर-22 असेल, तर नवी उपकरणं बनवताना हा गॅस वापरायला भारतात 1 जानेवारी 2025 पासून बंदी आहे आणि पुरवठाही आटत जाणार आहे. गळती नसलेला आर-22 चा एसी खुशाल चालवा, पण कॉइल गळायला लागली की निरोप द्या. "त्यातच आर-32 भरून देतो" म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा. नव्या एसींतल्या या गॅसचा दाब आर-22 च्या दीडपटीहून जास्त असतो आणि तो पेट घेऊ शकतो. जुनं मशीन त्यासाठी बनलेलं नाही.

"कॉम्प्रेसर गेला" हे ऐकूनच हात टेकणं

जुन्या, बिनइन्व्हर्टर एसीत आउटडोअरचा पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर नुसता हुंकारतो आणि बंद पडतो, असं असेल तर आधी कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग, बदलून बघायला सांगा. काही शे रुपयांचा हा डबा फुगलेला असतो आणि बळी जातो कॉम्प्रेसरचा. इन्व्हर्टर एसीत संशय पीसीबीवर, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर, घ्यावा. पावसाळा-हिवाळाभर बंद पडलेल्या आउटडोअरमध्ये पाली शिरतात. मार्चमध्ये बटण दाबलं की दोन टोकांमध्ये अडकून वाळलेली पाल आणि बोर्डावर करपलेला डाग, एवढंच हाती लागतं. नव्या बोर्डाचे आठ-दहा हजार मोजण्याआधी बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला तो दाखवा. एक-दोन सुटे भाग बदलून तो बरेचदा चालतो.

प्लगही बघा. पिन काळी पडली असेल किंवा सॉकेट गरम लागत असेल, तर दोष वायरिंगचा आहे आणि नवा एसीही तिथेच तडफडेल.

कॉम्प्रेसर खरोखर गेला असेल तर जुनं बिल शोधा. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी देतात. मात्र गॅस, मजुरी आणि ने-आण बहुधा आपल्या खिशातून जाते. त्यामुळे "फुकट" कॉम्प्रेसर बसवायला एकूण किती लागतील, ते आधी लेखी घ्या.

मग बदलायचा कधी?

मशीन आठ वर्षांच्या पुढे आणि दुरुस्तीचा आकडा नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे, तर बदला. दोन वर्षांत दोन मोठे बिघाड, कॉइलच्या गळत्या, सुटे भाग मिळेनासे होणं, यातलं काहीही झालं तरी बदला. पाच वर्षांच्या आतल्या मशीनला एकच दोष असेल तर दुरुस्ती. अधल्यामधल्या वयाला वरचा तासांचा हिशोब लावा.

निर्णय एप्रिलवर ढकलू नका. महाशिवरात्रीच्या सुमारास एकदा अर्धा तास चालवून बघा. अक्षय्य तृतीयेला मेकॅनिक फोन उचलत नाही आणि दुकानात जे शिल्लक असेल ते घ्यावं लागतं. सप्टेंबर 2025 मध्ये एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या किमती डोक्यात धरू नका. स्टारही नुसते मोजू नका, लेबल कोणत्या काळाचं आहे ते वाचा. निकष जुलै 2022 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2026 पासून कडक झाले आहेत, आणि जुन्या साठ्यातला फाइव्ह स्टार नव्या मोजमापात खाली उतरतो.

बसवताना जुना पाइप ठेवायचा मोह होतो. जुना एसी आर-22 चा असेल तर नळी नवीच घ्या, जुन्या तेलाचा अंश नव्या मशीनला सोसत नाही. गॅस सोडण्याआधी व्हॅक्यूम पंप लावायला सांगा. "थोडा गॅस सोडून हवा काढतो" हे चालवून घेऊ नका. जुनं मशीन काढताना गॅस हवेत सोडण्याऐवजी आउटडोअरमध्ये बंद करून घ्या, आणि एक्सचेंजच्या आकड्याला होकार देण्याआधी तांब्याच्या कॉइलसकट भंगाराचा भाव एकदा विचारा.