प्रोसेसची मेमरी नोंदवायला घेण्याआधी

लिनक्स सर्व्हरवरच्या प्रत्येक प्रोसेसची मेमरी ठरावीक वेळाने नोंदवायची असेल, तर स्क्रिप्टला हात घालण्याआधी प्रश्न पक्का करा. एखादी प्रोसेस फुगत चालली आहे का, एवढंच बघायचं असेल तर आरएसएस (RSS, प्रोसेसची सध्या रॅममध्ये असलेली मेमरी) पुरतो. मात्र एकच लायब्ररी पन्नास प्रोसेस वापरत असतील तर आरएसएस तिची पेजेस (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे) पन्नास वेळा मोजतो, आणि सगळ्यांची बेरीज मशीनमधल्या रॅमच्याही वर जाऊ शकते. बेरीज हवी असेल तर पीएसएसच (PSS) घ्या, कारण त्यात शेअर्ड पेजचा भार ते वापरणाऱ्यांत वाटून टाकलेला असतो. प्रोसेस मारली तर किती जागा सुटेल हे विचारायचं असेल, तर फक्त प्रायव्हेट, म्हणजे त्या प्रोसेसची एकटीची, पेजेस मोजा.

मग प्रॉकमधली (/proc, जिथे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो) फाइल निवडा. स्टॅटएम (statm) ही फाइल वाचायला सगळ्यांत स्वस्त, कारण त्यातले आकडे कर्नलने आधीच राखलेले असतात. ते किलोबाइटमध्ये नसून पेजमध्ये असतात, आणि पेज 4 केबीचंच असेल असं धरून चालू नका. एआरएम मशीनवर ते 16 किंवा 64 केबीचंही असतं. शिवाय 6.2 पासून कर्नल हा हिशेब सीपीयूनिहाय ठेवतो, त्यामुळे भरपूर कोअर असलेल्या मशीनवर आकडा थोडा मागेपुढे राहू शकतो. दोन-चार एमबींच्या फरकावर अलार्म लावू नका.

पीएसएस महाग पडतो. कर्नलला पेज टेबल (कुठलं पेज रॅममध्ये कुठे आहे याची यादी) पिंजून काढावं लागतं, आणि तेव्हा त्या प्रोसेसचं एममॅप लॉक (तिच्या मेमरीच्या मांडणीवरचं कुलूप) धरलेलं असतं. त्याच क्षणी तिच्या एखाद्या थ्रेडने नवी मेमरी मॅप करायला घेतली तर तो ताटकळू शकतो. म्हणजे मोजली जाणारी प्रोसेस डेटाबेसची असेल, तर आपल्या मोजणीचा भुर्दंड डेटाबेसला! त्यात पीएसएस देणारी स्मॅप्स (smaps) फाइल प्रत्येक मॅपिंगमागे, म्हणजे मेमरीच्या प्रत्येक सलग पट्ट्यामागे, वीसेक ओळी छापते. 2017 साली कर्नल 4.14 मध्ये आलेली स्मॅप्स-रोलअप (smaps_rollup) ती छपाई वाचवून थेट बेरीज देते, म्हणून पीएसएससाठी तीच वाचा. पेज टेबलची फेरी मात्र तिलाही चुकत नाही. माझ्या मते स्टॅटएम दर काही सेकंदांनी वाचावी, आणि रोलअप काही मिनिटांनी किंवा स्टॅटएममध्ये मोठी उडी दिसली तरच.

परवानग्या आधीच तपासा: दुसऱ्या युजरच्या प्रोसेसची रोलअप वाचायला रूट किंवा पीट्रेसची (ptrace, दुसऱ्या प्रोसेसच्या आत डोकावण्याची) मुभा लागते. स्वॅपमध्ये, म्हणजे रॅममधून डिस्कवर, गेलेली मेमरी आरएसएसमध्ये दिसत नाही, ती प्रॉकमधल्या स्टेटस (status) फाइलमधून घ्या. ह्युजटीएलबी (HugeTLB, नेहमीपेक्षा मोठी) पेजेसही आरएसएसमध्ये येत नाहीत, त्यामुळे ती वापरणारा पोस्टग्रेस डेटाबेस फसवा सडपातळ दिसतो. पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, पुन्हा वापरला जातो, म्हणून सोबत प्रोसेस सुरू झाल्याची वेळही नोंदवा. वाचता वाचता प्रोसेस संपली तर ती चूक न मानता पुढे जा.

हे सगळं जमलं की टेस्ट मशीनवर सगळ्यांत मोठ्या डेटाबेसवर भरपूर लोड टाका, रोलअप वाचत राहा आणि क्वेरींचा वेळ वाढतो का ते पाहा. वाढला, तर प्रॉडक्शनवर जाण्याआधी वाचनांमधलं अंतर वाढवा.